आढी

"हा वार कुठून आला असेल, सांग," व्हेस्टीननं मला विचारलं.

तिच्या पांढऱ्या हातमोज्यांत एक कवटी होती. डाव्या कानामागून सुरू झालेली चीर डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेली होती. कडा अगदी स्वच्छ होत्या. हाड भरून येऊ लागल्याची कसलीही खूण नव्हती, म्हणजे त्यानंतर हा माणूस जगलाच नव्हता.

"मागून," मी म्हणाले. "वरून खाली. मारणारा फार उंच असणार. नाहीतर हा माणूस गुडघ्यांवर असणार."

"गुडघ्यांवर होता. इथं सगळेच गुडघ्यांवर होते. चर्च आहे ना."

तिनं कवटी फळीवर परत ठेवली, शेजारच्यांच्या ओळीत बसेल अशी थोडी फिरवली. मागे बाकांवर मेलेल्यांचे कपडे रचले होते. मातीच्या रंगाचे झालेले झगे, शर्ट, एक विणलेलं टोपडं. छताच्या पत्र्याला हातबॉम्बनं पडलेली भोकं होती आणि त्यांतून कपड्यांवर उजेडाचे ठिपके पडत होते.

शिरीषमामा दाराबाहेरच उभा होता. तो टेकडीपलीकडच्या चहाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा, रवांडात येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती आणि इथली भाषा त्याला सांगलीच्या मराठीइतकी सहज यायची. या चर्चचं आता स्मारक झालं होतं. तिथला जनरेटर बिघडला की ते सांभाळणारी व्हेस्टीन त्यालाच बोलवायची. पण तो आत पाऊल टाकायचा नाही.

"लोक सुट्टीत इथं गोरिला बघायला येतात," तो ओरडला. "आमची भाची हाडं बघतेय. आठवड्यात हे तिसरं! ताईला काय सांगू मी? पोरगी मजेत आहे म्हणून?"

"सांग, मातीचा अभ्यास करतेय," मी म्हणाले.

ते अगदीच खोटं नव्हतं. मृदाशास्त्रात एम.एस्सी. करून मी मामाकडे महिनाभर आले होते. पहिल्या स्मारकावर कुतूहलानं गेले. दुसऱ्यावर गेले ते पहिल्यावर काहीच कळलं नाही म्हणून.

व्हेस्टीननं हातमोजे काढले आणि दाराला कुलूप लावलं. दुपार व्हायची होती.

"आज लवकर बंद," ती मला इंग्रजीत म्हणाली. "आज माझ्याच घरचं काम आहे. तुम्ही दोघं चला. शिरीषची जीप आहे, चिखल आहे, आणि मला एकटीनं जायचं नाहीये."

जीपमध्ये तिनं सगळं सांगितलं, पर्यटकांना सांगते त्याच आवाजात. चौऱ्याण्णव साली, नरसंहार झाला तेव्हा, ती बारा वर्षांची होती. ईस्टरच्या सुट्टीत दूरच्या मावशीकडे गेली होती, म्हणून वाचली. वडील रस्त्यावरच्या नाक्यावर मारले गेले. त्यांचं शरीर मिळालं, पुरलं. आई, मोठी बहीण आल्फोन्सीन आणि धाकटा क्लोद यांचं काय झालं ते टेकडीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुठे आहेत हे कुणी सांगत नव्हतं. गावोगाव गवतावर बसून खटले चालले तेव्हाही नाही. मारणाऱ्यांपैकी एक तुरुंगात मेला, एक देश सोडून गेला. उरला कॅलिक्स्ट, त्यांचा शेजारी. शिक्षा भोगून तो परत आला तो छातीचं दुखणं घेऊनच. आता खोकताना रक्त पडत होतं.

"पाद्री त्याच्याकडे गेले. म्हणाले, तू गेलास की सांगणारं कुणी उरणार नाही. मग कबूल झाला. आज जागा दाखवणार आहे." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "रविवारी सामुदायिक दफन आहे. माझी शवपेटी तयार आहे. तिघांची एकच. काही मिळालं नाही तर ती रिकामी पुरावी लागेल. रिकामी पेटी खांद्यावर घेतलेल्या बायका मी पाहिल्यात. हलकी असते ना, चालताना डुलते."

मामानं गिअर बदलला.

वाटेत तिच्या घरी थांबलो. चुलतभावांनी तिला तिच्या वडिलांच्याच जागेवर नवं घर बांधून दिलं होतं. पुढे अंगण, मागे स्वयंपाकाची झोपडी, भोवती केळी. तिनं उकडलेला राजमा वाढला आणि मामासाठी भोपळ्याच्या तुंबीतून केळ्यांची बीअर आणली. देण्याआधी स्वतः एक घोट घेतला, मग तुंबी पुढे केली.

"असं का?" मी विचारलं.

"विष नाही हे दाखवायला," मामा म्हणाला. "इथली रीतच आहे. घरधन्यानं पहिला घोट घ्यायचा. त्याशिवाय पाहुणा तोंड लावत नाही. आमच्या कारखान्यात साहेबसुद्धा चुकत नाही." त्यानं एक मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वास केळ्याचा, चव गोमूत्राची. पण चढते!"

व्हेस्टीन हसली. मला तिनं अंगणाच्या कोपऱ्यातला खड्डा दाखवला. आपल्याकडे आंब्यांची आढी घालतात तशी इथं केळ्यांची घालतात, फक्त जमिनीत. खड्ड्याला केळीच्या पानांचं अस्तर लावायचं, हिरवी केळी रचायची, कडेला धुरी द्यायची आणि वर माती लोटायची. काही दिवसांत केळी मऊ पिवळी होतात, मग गवतानं चिवडून रस काढायचा.

"बाबांचा खड्डा," ती म्हणाली. "परत आले तेव्हा आधी हाच उकरला. मला वाटलं, इथंच टाकलं असेल. राखेशिवाय काही नव्हतं."

निघताना मी झोपडीमागे हात धुवायला गेले. तिथं केळीचं एक बेट बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होतं. बुंधे जाड, पानं काळपट हिरवी, घड एवढा मोठा की खाली काठीचा टेकू दिलेला.

"याला काय खत घालता?"

"काही नाही," व्हेस्टीन म्हणाली. "ते तसंच येतं. आधीपासून. त्याचा घड मी विकत नाही, शेजारी वाटते."

जागा ओढ्याकाठी होती. निलगिरीच्या झाडांखाली पंधरा-वीस माणसं जमली होती. कुदळी, फावडी, एक निळी ताडपत्री. कॅलिक्स्ट एका दगडावर बसला होता. अंगात मोठ्या मापाचा कोट, पायांत प्लास्टिकच्या चपला. वाळून गेलेला म्हातारा. मी आपली उगाच राक्षसाची वाट पाहत होते.

त्यानं काठीनं जमिनीवर चौकोन काढला. माणसं खणू लागली. खणताना लोकांनी त्याला सांगायला लावलं, काय झालं ते. तीही तिथली रीतच होती. जागा नुसती दाखवून चालत नाही, तोंडानं सांगावं लागतं. तो जमिनीकडे पाहत बोलत होता. मामा माझ्या कानाशी मराठीत सांगत होता.

"म्हणतो, आम्ही तिघं होतो. दोघांकडे कोयते, एकाकडे खिळे ठोकलेलं दांडकं... दांडकं माझ्याकडे होतं म्हणतो. बायका ज्वारीत लपल्या होत्या. कुत्र्यानं दाखवल्या... आधी पायाच्या शिरा तोडल्या. टाचेच्या वर. पळता येऊ नये म्हणून."

"मग?"

"मग जेवायला गेलो म्हणतो. दमलो होतो. दिवसभर काम चाललं होतं. ते मारण्याला कामच म्हणायचे."

"आणि त्या?"

"तिथंच पडून होत्या. मुलगाही. मुलगा आईच्या पाठीला बांधलेला होता, एवढा मोठा असूनही. जेवून परत आलो तेव्हा आई..." मामा थांबला. कॅलिक्स्ट बोलत राहिला, जमलेल्यांतली एक बाई खाली बसली आणि तिनं पदरासारखं कापड तोंडात कोंबलं.

"आई काय, मामा?"

"पुढचं मी सांगणार नाही."

"मला ऐकायचंय."

"मला सांगायचं नाहीये, शरू! पुरे."

व्हेस्टीन खड्ड्याच्या काठावर हाताची घडी घालून उभी होती. तिला अनुवाद लागत नव्हता. तिचा चेहरा चर्चमध्ये होता तसाच होता.

खड्डा छातीएवढा झाला. काही नाही. बाजूनं वाढवला. काही नाही. खणणाऱ्यांतला अनास्ताझ नावाचा धिप्पाड माणूस, ज्याची बायको आणि दोन मुली त्या चर्चमध्ये फळीवर होत्या, कुदळ टाकून कॅलिक्स्टकडे बघत राहिला. कॅलिक्स्ट खोकला, रुमालात थुंकला आणि ओढ्याकडे बोट दाखवून काही म्हणाला.

"पाण्यानं नेलं असेल म्हणतो," मामा म्हणाला. "इतक्या वर्षांचा पाऊस."

व्हेस्टीननं मान हलवली. हळूहळू, पटल्यासारखी. मला ती रिकाम्या पेटीला खांदा देताना दिसली.

मी चपला काढल्या आणि खड्ड्यात उतरले. खरं तर केवळ सवयीनं. आमच्या विभागात दर मोसमात असे खड्डे घेऊन त्यांच्या भिंती वाचायच्या असतात. मी नखानं भिंत खरवडली. वर वीतभर काळसर थर, मग तांबडा, मग आणखी गर्द तांबडा. थरांच्या सीमा सरळ, कुठेही न तुटलेल्या. ढेकूळ फोडलं तर आत चिकणमातीचा चकचकीत मुलामा होता, जो धरायला शेकडो वर्षं लागतात. वाळवीची जुनी बिळं वरपासून खालपर्यंत सलग गेली होती. एकदा खणून बुजवलेल्या जमिनीत असं काही उरत नाही. तिथं काळं आणि तांबडं एकमेकांत मिसळतं, आणि ती खिचडी वीस-पंचवीस वर्षांत काय, माणसाच्या आयुष्यातही परत निवडली जात नाही.

मी दुसरी भिंत पाहिली. तिसरी. मग वर पाहिलं.

"मामा, इथं कधीच कुणी खणलेलं नाही."

मामानं झटकन आजूबाजूला बघितलं. आपण मराठीत बोलतोय हे तो क्षणभर विसरला असावा. "गप्प बस. वर ये."

"पाण्यानं नेलं असतं तर थर कापला गेला असता. हा अख्खा आहे. तो खोटं बोलतोय."

"शरू, तुला कळतंय का, इथं काय होईल ते? हातात कुदळी आहेत त्यांच्या! आपण पाहुणे आहोत. वर ये, गाडीत बस."

"तिची पेटी—"

"ती काय म्हणतेय?" व्हेस्टीननं इंग्रजीत विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाला. "पाय घसरतोय म्हणते."

व्हेस्टीन मामाकडे न बघता खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. "तुझं शिक्षण मातीचं आहे ना? मग मला सांग."

मी सांगितलं. बोटानं थर दाखवले. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "या खड्ड्यापुरतं नक्की."

ती उठली आणि तिनं ते सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, तिच्या भाषेत, माझ्याकडे बोट करून.

अनास्ताझनं कुदळीचा दांडा उचलला तो मला दिसलाच नाही. आवाज ऐकू आला. ओली फांदी मोडल्यासारखा. कॅलिक्स्ट दगडावरून खाली पडला होता आणि त्याचा उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. दुसरा फटका पाठीवर, तिसरा कानावर. लोक ओरडत होते. मघाची ती बाई धावत आली आणि चपलेनं त्याच्या तोंडावर मारू लागली, मारताना एकेक नाव घेत होती. कुणीतरी त्याला कॉलरला धरून खड्ड्याकडे ओढलं. त्याचं रक्त माझ्या मनगटावर उडालं. कोमट होतं. मामा दोन्ही काखांत हात घालून मला वर खेचत होता आणि मराठीतच ओरडत होता, "अरे सोडा, मरेल तो! सोडा रे!"

मग सगळे बाजूला झाले, कारण व्हेस्टीन आली. तिच्या हातात कुदळ होती, पात्यासकट. ती त्याच्या डोक्याशी उभी राहिली. चर्चमध्ये मी ज्या कोनाचा अंदाज केला होता, तोच कोन. मागून, वरून खाली. कॅलिक्स्ट गुडघ्यांवर होता.

तिनं कुदळ उचलली.

तो बोलला. दातांतून रक्त येत होतं, तरी शब्द स्पष्ट होते. चार-पाचच शब्द. कुदळ वरच राहिली. तिनं काही विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला.

"काय?" मी मामाचा हात दाबला.

"तुझ्या घरात, म्हणाला." मामानं सांगितलं. "तुझ्या चुलीमागं."

व्हेस्टीननं कुदळ टाकली नाही. ती हातात घेऊनच ती चढावरून पळत सुटली.

आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणातल्या जुन्या खड्ड्याशी उभी होती. "हा मी उकरलाय!" ती किंचाळली. अनास्ताझ आणि आणखी एकानं कॅलिक्स्टला आणलं होतं, अर्धवट उचलून. त्यानं डाव्या हातानं झोपडीमागे बोट केलं. त्या उंच बेटाकडे.

आता तो सलग बोलू लागला आणि मामानंही न थांबता सांगितलं.

"तो जुना खड्डा, म्हणतो. हा नवा होता. आल्फोन्सीनचं लग्न ठरलं होतं, बीअर जास्त लागणार होती, म्हणून तुझ्या बापानं ईस्टरला दुसरा खड्डा काढला. तू मावशीकडे होतीस, तुला माहीत नाही. एका दिवसात काढला, दोघांनी मिळून. तो आणि मी. मी खाली उतरून खणत होतो, तो माती वर ओढत होता. संध्याकाळी केळी रचली आणि एकाच तुंबीतून प्यालो. आणि मग ते सुरू झालं तेव्हा... दुसरीकडे कुठे न्यायचं? खड्डा तयारच होता."

"मग खोटी जागा का दाखवलीस?" व्हेस्टीननं विचारलं असणार, कारण मामा पुढे म्हणाला, "सुटून आलो तेव्हा तू इथं राहत होतीस. रोज इथं चूल पेटवत होतीस. पहिल्या वर्षी तू माझ्या घरी या केळीचा घड पाठवलास. त्यानंतर कसं सांगू, म्हणतो."

व्हेस्टीन झोपडीच्या कुडाला टेकली आणि ओकली. मघाचा राजमा. मग तोंड पुसून तिनं स्वतः कोयता घेतला आणि केळीच्या बुंध्यावर घातला. एक, दोन, तीन. टेकू लावलेला घड धप्पकन खाली आला. ती मारतच राहिली. बुंध्यातून पाणी उडत होतं, तिच्या चेहऱ्यावर, छातीवर, आणि त्या पाण्याचे डाग लगेच काळे पडत होते. बेट जमीनदोस्त होईपर्यंत कुणी जवळ गेलं नाही.

पहिल्या फावड्यालाच मी ओळखलं. काळं आणि तांबडं, एकमेकांत मिसळलेलं. ते बेट उंच का झालं हे मी आजही ठामपणे सांगणार नाही. नुसत्या भुसभुशीत मातीनंही मुळं तशी वाढतात. पण माती ती होती. "हीच," मी व्हेस्टीनला म्हणाले.

मांडीएवढ्या खोलीवर कापड लागलं. तिथून पुढे व्हेस्टीन एकटीच खाली उतरली, हातांनी काढू लागली आणि निळ्या ताडपत्रीवर एकेक ठेवू लागली. लांब हाडं, फासळ्या, मुळं आतून गेलेला एक मणका. दोन मोठ्या कवट्या. एकीचा मागचा भाग आत दबलेला होता, त्यावर खिळ्यांची बारीक गोल भोकं. दांडकं कुणाकडे होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तिसरी कवटी तुकड्यांत होती. टाचेची हाडं मी पाहिली. वर चिरा होत्या. मामानं मला जे सांगितलं नव्हतं त्यातलं काही हाडांनी सांगितलं.

मी तिच्या स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी मागून घेतली आणि काढलेली माती चाळायला बसले. ते काम मला येत होतं. मुळांचे तुकडे, कोळसा, एक बटण. मग एक दाढ. इतकी छोटी, की आधी खडाच वाटला.

व्हेस्टीन खड्ड्यातून बघत होती. "कुणाची?"

"दुधाची आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाची."

तिनं हात पुढे केला. मी दाढ तिच्या तळहातावर ठेवली. "पाच," ती म्हणाली. "क्लोद पाच वर्षांचा होता." मग तिनं मूठ मिटली.

ऊन उतरलं. ताडपत्रीची घडी झाली, ती पेटीत ठेवायला चौघं लागले. रिकामी नव्हती. कॅलिक्स्ट कुडाला पाठ लावून बसला होता, मोडलेला हात मांडीवर घेऊन. त्याला कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं, मारतही नव्हतं. व्हेस्टीन मातीनं माखलेली त्याच्यासमोर जाऊन बसली. तिनं शांतपणे एक प्रश्न विचारला. त्यानं दोन-तीन वाक्यांत उत्तर दिलं. तिनं आणखी एक प्रश्न विचारला, आधीच्यापेक्षा छोटा. त्याचं उत्तर आलं नाही.

"काय म्हणतोय?" मी मामाला विचारलं.

मामा तोंड फिरवून जीपकडे बघत होता. "काही नाही. पाणी मागतोय."

मी माठातून पेलाभर पाणी घेऊन गेले. कॅलिक्स्टनं पेल्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. तो व्हेस्टीनकडे बघू लागला. तिनं माझ्या हातातून पेला घेतला, एक घोट स्वतः प्याली आणि मग त्याच्यापुढे धरला. डाव्या हातानं त्यानं तो घेतला. त्याचे दात पेल्यावर वाजत होते. पाणी संपेपर्यंत ती समोर बसून त्याला बघत होती.

मी परत आले ती त्या घोटाची आठवण घेऊन. आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. एवढं सगळं झाल्यावर तिनं त्याला पाणी पाजलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मामा निवृत्त होऊन सांगलीला आला त्याला आता दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत त्याच्याकडे जेवायला गेले होते. मामीनं शिकरण केलं होतं. मामानं वाटी बाजूला सारली.

"केळं खात नाहीत हल्ली," मामी म्हणाली. "तिकडून आल्यापासून. डॉक्टरनं सांगितलंय का विचारलं, तर तेही नाही."

जेवणानंतर गच्चीत मी विषय काढला. म्हणाले, "मामा, त्या माणसानं पाणी मागितलं तेव्हा—"

"त्यानं पाणी नव्हतं मागितलं."

"मग?" मी विचारलं.

"तुला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. त्या दिवशी तू आधीच खूप ऐकलं होतंस." तो गच्चीच्या कठड्याकडे बघत बोलत होता. "तिनं विचारलं, खड्ड्यात बाबांची केळी होती. लग्नाच्या बीअरची. त्यांचं काय केलंत?"

"आणि?"

"तो म्हणाला, आधी ती काढून घेतली. मग ह्यांना टाकलं. केळी पिकली होती, वाया गेली असती. आठवड्यानं आम्ही तिघं ती बीअर प्यालो."

खाली मामी भांडी आवरत होती.

"आणि दुसरा प्रश्न?" मी विचारलं. "ज्याचं उत्तर आलं नव्हतं, तो."

मामानं चष्मा काढून डोळे चोळले.

"पहिला घोट कुणी घेतला, म्हणाली."